आरेची माणसे : कोणाची गणती, कोणाचा हक्क?

४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आरे वसाहतीतील वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडांवर करवती चालू लागल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविण्यास सांगितले, तोवर २,१४१ झाडे आडवी झाली होती. हा आकडा देशभर गेला. तो आजही कार्यकर्त्यांच्या तोंडी आहे. परंतु त्याच आरेत माणसे किती राहतात, ती कोणत्या जाती-जमातींची, कोणत्या मुलखातून आलेली, कोणाच्या पिढ्या तेथे गेल्या आणि कोण कालपरवा पोटासाठी आले, असे विचारले तर उत्तरादाखल एकही आकडा कोणाच्या तोंडी नाही. झाडांची मोजदाद झाली, कारण त्यांची बाजू न्यायालयात मांडली गेली. माणसांची मोजदाद राहून गेली, कारण त्यांची वेगवेगळी ओळख मान्य करणे कोणालाच सोयीचे नव्हते.

हा प्रश्न आता लांबणीवर टाकता येणार नाही. जनगणनेबरोबर जातींचीही गणना करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आणि २०२७ ची जनगणना ही स्वतंत्र भारतातील सर्व जातींची नोंद करणारी पहिली शिरगणती ठरावयाची आहे. अनुसूचित जाती व जमाती १९५१ पासून मोजल्या जात आहेतच. तरीही आरेसारख्या ठिकाणी ती मोजणी कागदावरच विरून जाते. आरे हे जनगणनेच्या दृष्टीने ना गाव, ना शहर. बृहन्मुंबईच्या वॉर्डांत ते विरघळलेले असते. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक भरली, आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास होते. एक टक्का म्हणजे जवळजवळ काहीच नाही, असे समजून नियोजनकार पुढे जातात. तो एक टक्का ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीन मात्र मुंबईतील उरल्यासुरल्या मोकळ्या जमिनींपैकी सर्वांत मोठ्या तुकड्यांपैकी एक आहे, आणि तिच्यावर साऱ्यांचा डोळा आहे.

दुधाच्या आधीची वस्ती

आरेचा इतिहास दुधापासून सुरू होतो अशी सरकारी समजूत आहे. १९४९ मध्ये वसाहतीची उभारणी सुरू झाली, मार्च १९५१ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि दुग्ध आयुक्त दारा खुरोडी यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. १,२८७ हेक्टर जमीन, ३२ गोठे आणि सुमारे १६ हजार जनावरे असा तिचा विस्तार सांगितला जातो. मुंबई शहरातील कोंदट तबेल्यांतून म्हशी बाहेर काढाव्यात आणि शहराला स्वच्छ दूध रास्त भावात मिळावे, हा हेतू निःसंशय लोकहिताचा होता. काचेच्या बाटलीतले आरेचे दूध घेऊन गिरणगावातली आणि मध्यमवर्गीय चाळींतली एक पिढी वाढली, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु ही जमीन निर्जन नव्हती. आरे, मरोशी, परजापूर, पासपोली, साई, गुंडगाव ही गावांची नावे वसाहतीच्या कितीतरी आधीची आहेत. डोंगराच्या कुशीत वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी यांचे पाडे होते. भाताची खाचरे, पावसाळी भाजीचे मळे, ताडमाडाची झाडे, वाघदेवाचे व गावदेवीचे ठाणे असे त्या वस्तीचे रूप होते, आणि अनेक पाड्यांवर ते आजही पुसट झालेले नाही. आदिवासी कार्यकर्ते आरेत सत्तावीस पाडे मोजतात आणि तेथील आदिवासींची संख्या दहा हजारांच्या घरात सांगतात.

या वस्तीचा हक्क हिरावला जाण्याची सुरुवातही दूधखात्याने केली नव्हती. साष्टी बेट इंग्रजांच्या हाती १७७४ मध्ये आले. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने तेथील गावेच्या गावे मुंबईच्या धनिकांना कायमची लावून दिली. १८३० च्या सुमारास बैरामजी जीजीभाईंना मिळालेल्या गावांत आरेही होते. जमीन कसणाऱ्याला, जंगल राखणाऱ्याला त्या व्यवहाराची खबरही नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या कायद्याने साष्टीतील या खोतीवजा मालकीचा शेवट झाला, पण तो होत असतानाच आरेचे डोंगर दूधखात्याच्या ताब्यात जात होते. शेठाच्या जागी सरकार आले. पाड्यावरच्या माणसाची कागदावरची जागा पूर्वी ‘शेठाचे कूळ’ अशी तरी होती. आता तो सरकारी जमिनीवरचा बिनकागदाचा रहिवासी झाला.

आरेच्या वारल्यांचे भाऊबंद उत्तरेला डहाणू, तलासरी, उंबरगावच्या पट्ट्यात आहेत. १९४५ मध्ये तेथील वारल्यांनी गोदावरी व शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगार आणि लग्नगडीच्या गुलामगिरीविरुद्ध उठाव केला, तळवाड्याला गोळीबार झेलला, आणि जमीनदाराच्या दारात वाकलेली मान सरळ केली. पक्षाच्या प्रत्येक अभ्यासवर्गात हा इतिहास सांगितला जातो. त्याच पट्ट्यात पुढे दापचरीचा दुग्धप्रकल्प उभा राहिला. मुंबईतील म्हशी आणखी दूर हलवाव्यात हा त्याचा उद्देश होता आणि त्यासाठीही आदिवासींच्याच मुलखातील जमीन घेतली गेली. एकाच जमातीच्या डोक्यावर एकाच खात्याने दोन ठिकाणी दुधाची घागर ठेवली. त्या दुधाचा थेंब मात्र तिच्या पोरांच्या वाट्याला आला नाही.

म्हशींबरोबर आलेली माणसे

आरेच्या वस्तीचा दुसरा थर म्हशींबरोबर आला. शहरातील तबेले हलले तेव्हा त्यांतील गडीही हलले. हे गडी बहुतांशी पूर्व उत्तर प्रदेशातले. थोड्या शेतीवर घरादाराचे भागत नाही म्हणून मुंबईची वाट धरलेले, गावी बायकापोरे ठेवून गोठ्याच्या माळ्यावर झोपणारे. मध्यरात्र उलटली की त्यांचा दिवस सुरू होतो. शेण काढणे, वैरण टाकणे, पहाटेची धार, दूध भरणे, म्हशी धुणे, पुन्हा दुपारची धार. जनावराला सुट्टी नसते, म्हणून त्यांनाही नसते. परवाना मालकाच्या नावाचा, म्हैस मालकाची, गोठा सरकारचा. गड्याच्या नावावर काय आहे, तर मुलखाकडे पाठविलेल्या मनिऑर्डरीची पावती. म्हैस भाकड झाली की मालक तिला विकतो, गडी थकला की तो गावी परततो. दोहोंची नोंद एकाच प्रकारे होते, म्हणजे होतच नाही.

या माणसाला मुंबईने ‘भैया’ हे नाव दिले. मूळ शब्दाचा अर्थ भाऊ. मुंबईत त्याची शिवी झाली. २००८ मध्ये राज्यात उत्तर भारतीयांवर हल्ले झाले तेव्हा मार खाणारे टॅक्सीवाले, फेरीवाले, परीक्षेला आलेले उमेदवार होते, तबेल्यांचे मालक नव्हते. राजकारणाचा हा नेम नेहमीच अचूक गरिबावर बसतो.

तिसरा थर सरकारी नोकरांचा. दूधखात्याचे कर्मचारी, कुरणावरचे मजूर, चौकीदार, चालक, दवाखान्यातले शिपाई हे वसाहतीच्या चाळींत राहू लागले. त्यांत कोकणातले होते, घाटावरचे होते, दलित-बौद्धही होते. पाड्यावरच्या काही आदिवासींनाही खात्यात रोजंदारीची कामे मिळाली आणि ज्या जमिनीवर आजोबाने नाचणी पेरली तिच्यावर नातू सरकारी गवत कापू लागला.

चौथा थर झोपडपट्ट्यांचा. मुंबईने कामगार बोलावला पण त्याला घर दिले नाही. १९७२ च्या दुष्काळाने उठलेली माणसे, गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावातून बाहेर फेकली गेलेली कुटुंबे, शहरातल्या रस्तारुंदीत मोडलेल्या झोपड्या, देशाच्या सर्व दिशांनी आलेले बांधकाम मजूर आणि घरकामगार स्त्रिया, या साऱ्यांना शहराच्या कडेला जेथे जागा मिळाली तेथे ते राहिले. आरेच्या कडा अशा भरत गेल्या. या वस्त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, ख्रिस्ती आहेत. मराठी, हिंदी, भोजपुरी आणि दक्षिणेतल्या भाषा एकाच नळावर ऐकू येतात, आणि नळाला पाणी येत नसेल तर एकाच टँकरमागे धावतात.

पाचवा थर माणसांचा नसून भिंतींचा आहे. १९७० नंतर ‘दुधाचा महापूर’ योजनेखाली गावोगावच्या सहकारी संघांचे दूध मुंबईला येऊ लागले आणि आरेच्या गोठ्यांचे महत्त्व ओसरू लागले. दूध स्वस्त झाले, जमीन महाग झाली. मग तुकडे पडू लागले. राज्य राखीव पोलीस दल आले, १९७७ मध्ये चित्रनगरी आली, पशुवैद्यकीय महाविद्यालय आले, बंगल्यांची खाजगी वसाहत आली, २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर फोर्स वनचा तळ आला, आणि शेवटी मेट्रो आली. कारशेडवर सरकारे बदलली तशी धोरणे बदलली. २०१९ च्या नोव्हेंबरात काम थांबविले गेले, २०२० मध्ये ते कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, २०२२ च्या जुलैत पुन्हा आरेत आणले गेले, आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल ही भुयारी गाडी सुरूही झाली. प्रत्येक तुकड्याला कुंपण पडले आणि प्रत्येक कुंपणाच्या आत एखादा पाडा राहून गेला. आपल्याच घरी जाण्यासाठी फाटकावरच्या पहारेकऱ्याला ओळख पटवून देण्याची पाळी त्याच्यावर आली.

दोन चुका

असे हे आरे. डोंगराएवढ्या जागेत अवघा देश दाटलेला. या मिश्र वस्तीकडे पाहताना दोन चुका होतात. एक उजवीकडून होते आणि दुसरी, खेदाने म्हटले पाहिजे, डावीकडून.

पहिली चूक भूमिपुत्रवादाची. ‘मूळचे’ आणि ‘बाहेरचे’ अशी रेघ मारायची आणि सारे अरिष्ट बाहेरच्यांच्या माथी मारायचे, ही रीत मुंबईत १९६० च्या दशकापासून रुजली. या रीतीतली लबाडी आरेत उघडी पडते. भूमिपुत्राचा खरा शोध घ्यावयाचा तर तो पाड्यावर जाऊन थांबतो. परंतु भूमिपुत्रांच्या नावाने गर्जना करणाऱ्या पक्षांच्या राज्यात पाड्यांना काय मिळाले? एकविसाव्या शतकाची पहिली दोन दशके सरत आली तरी आरेतील काही पाड्यांवर विजेचा दिवा नव्हता, आणि तेथून चित्रनगरीच्या दिव्यांचा झगमगाट दिसत होता. तेव्हा आदिवासीचा कैवार घेऊन भैयाला हाकलण्याची भाषा जो करतो त्याला आदिवासीशी कर्तव्य नसते. त्याला भांडण हवे असते, आणि भांडणाच्या धुरळ्यात जमिनीचा व्यवहार उरकणारे तिसरेच कोणी असतात.

दुसरी चूक अधिक सभ्य आहे, म्हणून अधिक घातक. ‘गरीब तितका एक. जात, जमात, प्रांत हे भेद मालकवर्गाने पाडलेले. म्हणून सर्वांची एकच मागणी, राहत्या जागी घर.’ ऐकावयास हे न्याय्य वाटते. गोरेगावच्या समाजवादी चळवळीने या मागणीसाठी थोर लढे दिले आहेत. मृणाल गोरे यांनी पाण्यासाठी बायकांचे हंडे मोर्चात आणले, नागरी निवारा परिषदेच्या माध्यमातून बाबुराव सामंतांसमवेत दिंडोशीत कमाल जमीन धारणा कायद्याखालची जमीन बिल्डरांच्या घशातून सोडवून सामान्यांसाठी हजारो घरे उभारून दाखविली. ती घरे आरेच्या वेशीवरच आहेत. हा वारसा अभिमानाचा आहे. परंतु जमिनीवरचा पूर्वापार हक्क हा प्रश्न निवाऱ्याच्या मागणीत आपोआप सामावत नाही, हे मान्य करावे लागेल.

झोपडीवासीयाचे मागणे शहराकडे आहे. ज्या शहराला त्याने श्रम दिले त्या शहराने त्याला घर द्यावे, पाणी द्यावे, शाळा द्यावी. ते घर आज आहे तेथेच असले पाहिजे असे नाही. ते कामाच्या जवळ असावे, पक्के असावे, हक्काचे असावे. आदिवासीचे मागणे निराळे आहे. त्याला घर आहे. त्याने ते स्वतः कुडाचे, मातीचे बांधलेले आहे. त्याला हवी आहे ती जमीन, तीवरची झाडे, ओढा, देवाचे ठाणे आणि या साऱ्यांवरचा कायदेशीर ताबा. त्याला सातव्या मजल्यावरची खोली देणे म्हणजे त्याने न मागितलेली वस्तू देऊन मागितलेली काढून घेणे होय.

हे केवळ तात्त्विक बोलणे नव्हे. मेट्रोच्या कामासाठी प्रजापूर पाड्यातील कुटुंबे २०१७ च्या सुमारास चकाल्याच्या झोपडपट्टी पुनर्वसन इमारतीत हलविली गेली. योजनेचे त्या वेळचे मान २६९ चौरस फुटांचे. ज्यांच्या अंगणात आंबा, फणस, ताड होते, परसात भाजी होती, ती विकून घरखर्च निघत होता, त्यांच्या हाती एका खोलीची किल्ली आली आणि दरमहा भरावयाची देखभालीची पावती आली. सरकारी दप्तरात हे ‘पुनर्वसन’ म्हणून नोंदले गेले. ते शक्य झाले याचे कारण एकच. आदिवासीला तेथे आदिवासी म्हणून मोजले नव्हते, झोपडीधारक म्हणून मोजले होते. वर्गीकरणातच निकाल लागला होता.

कागद आणि तारीख

येथे मोजणीचे राजकारण समजून घेतले पाहिजे. मोजणी ही स्वतः पुरोगामीही नसते आणि प्रतिगामीही नसते. १९५० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने लोकसंख्या नोंदणी कायदा करून प्रत्येक माणसावर वंशाचा शिक्का मारला आणि त्या शिक्क्यावरून कोणी कोठे राहावे हे ठरविले. केपटाउनमधील ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ ही अनेक वंशांची कष्टकरी वस्ती १९६६ मध्ये गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि पुढे जमीनदोस्त केली गेली. त्याच १९५० सालच्या ६ सप्टेंबरला भारताच्या राष्ट्रपतींनी अनुसूचित जमातींचा आदेश काढला. तोही माणसांना जमातीप्रमाणे मोजणारा, पण हेतू उलटा. तेथे मोजणी हाकलण्यासाठी होती, येथे भरपाईसाठी. एकाच वर्षात दोन देशांच्या नव्हे, दोन न्यायकल्पनांच्या वाटा फुटल्या.

परंतु भरपाईसाठी केलेली मोजणीही कागदावर अडते. जमातीचा दाखला हवा असेल तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा वा जमातीच्या नोंदीचा पुरावा मागितला जातो. आरेच्या आदिवासीच्या बाबतीत या अटीचा अर्थ काय होतो? जी दोन-तीन वर्षे त्याच्या जमिनीची मालकी शेठाकडून सरकारकडे जात होती, नेमक्या त्याच वर्षांच्या आधीचा कागद त्याने आणावयाचा. शाळा नव्हती, म्हणून शाळेचा दाखला नाही. सातबारा दुसऱ्याच्या नावाचा. जन्ममृत्यूची नोंद करणारे कार्यालय डोंगराखाली. आजोबांचा पुरावा म्हणजे त्यांनी लावलेले झाड आणि त्यांच्या नावाचा दगड. तो तहसील कचेरीत नेता येत नाही.

दुसरा अडथळा हद्दीचा. तलासरी-डहाणूचा वारली पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतो. तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, ग्रामसभेला अधिकार आहेत, आदिवासी विकासाच्या योजनांचा भर तेथे आहे. आरेचा वारली, त्याच हिरव्या देवाला मानणारा, लग्नात तोच चौक तांदळाच्या पिठाने रेखणारा, महानगरपालिकेच्या हद्दीत पडला म्हणून या साऱ्याला मुकला. शहरात आदिवासी असतो हेच शासनयंत्रणेच्या कल्पनेत बसत नाही. मुंबई महापालिकेच्या २२७ जागांपैकी अनुसूचित जमातींसाठी राखीव जागा दोन.

तिसरा अडथळा जमिनीच्या नावाचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या आदिवासींचा हक्क मान्य केला. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. म्हणजे आदिवासी आणि इतर वननिवासी यांच्या हक्कात फरक आहे, हे संसदेनेच मानले आहे. पण आरे हे वनच नव्हे, अशी भूमिका शासनाने घेतली, आणि आरेला वन घोषित करावे ही याचिकाही २०१९ मध्ये फेटाळली गेली. जमीन वन नाही, म्हणून माणूस वननिवासी नाही, म्हणून हक्क नाही. पुढे २०२०-२१ मध्ये सुमारे ८१२ एकर क्षेत्र राखीव वन करण्याची प्रक्रिया सुरू झाली. झाडांच्या दृष्टीने तो विजय होता. पण राखीव वनाच्या प्रक्रियेत तेथील रहिवाशांचे दावे ऐकून त्यांचा निवाडा करावा लागतो, आणि दावा करण्यास कागद लागतो. तेव्हा चक्र पुन्हा तेथेच येते. पर्यावरणाच्या नावाने मिळालेले संरक्षण पाड्यावरच्या माणसाला अतिक्रमक ठरविणार असेल, तर त्याच्या दृष्टीने कारशेड आणि कुंपण यांत फरक काय उरला?

सर्वांना मोजा, नावानिशी मोजा

यावर कोणी आक्षेप घेईल की आदिवासीचा हक्क वेगळा मानला तर वस्तीत फूट पडेल. झोपडीवासी म्हणतील, आम्हांला हाकलून त्यांना जमीन द्यावयाची काय? हा आक्षेप हलका नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या प्रकरणात १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरला, हे अंधेरी-बोरिवली पट्ट्यातील कार्यकर्ते विसरलेले नाहीत. चांदिवलीच्या संघर्षनगरात घरे मिळाली ती लढून, आणि ‘पात्र’ ठरलेल्यांनाच. तारखेच्या अलीकडचा तो अपात्र. जो पैसे भरू शकला नाही तोही बाहेर.

परंतु फूट हक्क वेगळे मानल्याने पडत नाही. ती पडते एकाचा हक्क दुसऱ्याच्या वाट्यातून देऊ केल्याने. आरेत आजवर जमिनी गेल्या त्या ना पाड्याला, ना झोपडीला. कुंपणामागच्या एकरांचा हिशेब मांडला तर आदिवासीची खाचरे आणि झोपडीवासीची घरे या दोहोंना पुरून उरेल इतकी जमीन सरकारी व खाजगी प्रकल्पांनी घेतली आहे, असेच चित्र दिसेल. तो हिशेब मागणे हीच दोघांची समान मागणी आहे. एकी ही सारखेपणातून येत नाही. एकमेकांचा वेगळा हक्क मान्य केल्याने ती येते. पाड्यावरची बाई तबेल्यातल्या गड्याच्या पगारासाठी बोलली आणि गडी तिच्या सातबाऱ्यासाठी मोर्चात आला, तर ती एकी टिकाऊ. दोघांनाही एकाच झेंड्याखाली एकच घोषणा द्यावयास लावली, तर ती मोर्चा संपेपर्यंतची.

तेव्हा पक्षकार्यकर्त्यांपुढचे काम पुरेसे स्पष्ट आहे. जनगणनेचा गणक येईल तेव्हा प्रत्येक पाड्यावर एक जाणता माणूस हजर असला पाहिजे. वारली हा वारली म्हणून, मल्हार कोळी हा मल्हार कोळी म्हणून, कातकरी हा कातकरी म्हणून लिहिला गेला पाहिजे. ‘कोळी’ एवढेच लिहिले तर जमातीचा माणूस भलत्याच रकान्यात जाईल. मातृभाषा विचारली असता वारली बोलणाऱ्याने ती संकोचाने ‘मराठी’ अशी सांगण्याचे कारण नाही. धर्माचा रकाना त्याच्या सांगण्याप्रमाणे भरला जावा, गणकाच्या समजुतीप्रमाणे नव्हे. तबेल्याच्या माळ्यावर झोपणारा गडी ‘गावी मोजला जाईल’ म्हणून येथे सुटता कामा नये, कारण जो मोजला जात नाही त्याच्यासाठी ना शिधा येतो, ना दवाखाना. झोपडपट्टीतील यादव, जाटव, अन्सारी, मातंग, बौद्ध, नाडर, सारे आपापल्या नावाने नोंदले जावेत. जात सांगण्यात कमीपणा नाही. कमीपणा ती लपविण्याची पाळी आणणाऱ्या समाजाचा आहे.

त्याबरोबरच पाड्यापाड्यावर दाखल्यांची शिबिरे घ्यावी लागतील. १९५० पूर्वीचा कागद नसेल तेथे वडीलधाऱ्यांच्या साक्षी, देवस्थानांच्या जागा, जुनी झाडे, कुळांच्या नोंदी यांचा पंचनामा करून घ्यावा लागेल. राखीव वनाच्या प्रक्रियेत दावे दाखल करावे लागतील. तबेल्यातल्या कामगारांची यादी, त्यांचा पगार व कामाचे तास मालकांकडून मागून घ्यावे लागतील. ही कामे किचकट आहेत, त्यांत भाषण नाही, फोटो नाही. पण दिंडोशीची घरे आणि गोरेगावचे पाणी अशाच किचकट कामातून उभे राहिले होते.

मुंबईला आरेतून दूध हवे होते तेव्हा तिने म्हशी मोजल्या. गाडी हवी झाली तेव्हा एकर मोजले. न्यायालयात भांडण गेले तेव्हा झाडे मोजली. माणसे मोजण्याची वेळ आता आली आहे, आणि ती कोणत्या नावाने मोजली जातात यावर पुढील पन्नास वर्षे आरे कोणाचे हे ठरणार आहे.